साडेपाच मिलिमीटर

ताईच्या खुर्चीची उंची चोपन्न सेंटिमीटर आहे. बसल्यावर गादी दोन सेंटिमीटर दबते, म्हणजे कामाची उंची बावन्न. हे मी पोलादी टेपने तीनदा मोजलं आणि सरासरी काढली, कारण छत्तीस वर्षं मापनाच्या प्रयोगशाळेत काढल्यावर माणसाला एकदाच मोजून गप्प बसता येत नाही. लोकांचे तराजू, तापमापक आणि फूटपट्ट्या खरं बोलतात की नाही हे तपासून त्यांना प्रमाणपत्र देणं, एवढंच काम मी आयुष्यभर केलं. माणसांना प्रमाणपत्रं देण्याच्या भानगडीत मी कधी पडले नाही. ते काम इतर सगळेच करत असतात.

"काय चाललंय?" ताईने वरून विचारलं. मी तिच्या पायाशी जमिनीवर बसले होते.

"खुर्ची मोजतेय."

"मला वाटलं माझंच माप घेतेयस. शेवटचं."

ताई शहात्तर वर्षांची आहे, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. तिचं डोकं लखलखीत आहे आणि गुडघे संपले आहेत. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, जगातल्या सगळ्या नद्या मुलींकडून पाठ करून घेतल्या आणि आता ती वृद्धनिवासाच्या ज्या खोलीत राहते तिच्या खिडकीतून एक कुंपण दिसतं. दर गुरुवारी दुपारी मी माझी गाडी घेऊन जायचे, तिला शेजारी बसवायचे आणि आम्ही धरणाच्या भिंतीपर्यंत जायचो. थर्मासमधला चहा प्यायचा, पाणी बघायचं, परत यायचं. जाऊन-येऊन एकोणचाळीस किलोमीटर. ताईच्या आठवड्यात त्याव्यतिरिक्त काही नव्हतं. बाकीचे सहा दिवस म्हणजे कुंपण.

पण माझ्या जुन्या गाडीची सीट जमिनीपासून चव्वेचाळीस सेंटिमीटरवर होती. ताईला आत बसवणं सोपं असायचं, गुरुत्वाकर्षण मदतीला यायचं. बाहेर काढताना ते विरोधी पक्षात जायचं. त्या शेवटच्या गुरुवारी दोन आया, एक माळी आणि मी, अशा चौघांनी तिला तेवीस मिनिटांत बाहेर काढलं. मधे एकदा ती दमून म्हणाली, "राहू दे गं. गाडीसकटच विकून टाक मला." तिथल्या व्यवस्थापक बाई पायरीवर उभ्या राहून हे सगळं बघत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांचं पत्र आलं: योग्य उंचीचं आसन असलेलं वाहन आणल्याशिवाय आपल्या भगिनींना बाहेर नेता येणार नाही.

प्रश्न एका ओळीचा होता. जिची सीट चोपन्न ते अठ्ठावन्न सेंटिमीटरवर आहे अशी गाडी हवी. त्याहून खाली असेल तर ताईला उठता येत नाही, त्याहून वर असेल तर चढता येत नाही. माझी चूक एवढीच, की तो मी घरात मोठ्याने बोलून दाखवला.

"नवी गाडी? या वयात?" आमचे हे म्हणाले. यांनी आयुष्यात कधी गाडी चालवलेली नाही. चाळीस वर्षं माझ्या शेजारच्या सीटवर बसून जमिनीवर पाय दाबत ब्रेक मात्र लावले आहेत. त्या जागी पायपुसण्याला भोक पडलेलं आहे.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त अभियंते राहतात. त्यांना सगळे मायलेजराव म्हणतात, कारण बाळ झालं म्हणून पेढे द्यायला गेलेल्या माणसालाही ते आधी गाडीचं मायलेज विचारतात. ते जिन्यातच भेटले. "वहिनी, या वयात मोठी घ्या. ठोकली तरी समोरच्याची जाते." त्यांच्या पत्नी मागून म्हणाल्या, "काहीतरीच काय! या वयात छोटीच बरी. ठोकायला कमी भाग." तळमजल्यावरच्या वकीलबाईंचं मत होतं की या वयात घेऊच नये, कारण कोर्टात पहिला प्रश्न वयाचाच येतो. त्या आठवड्यात 'या वयात' हे शब्द मी एकतीस वेळा ऐकले. गाडी ताईच्या गुडघ्यांसाठी हवी आहे, हे मी प्रत्येकाला सांगितलं. डॉक्टरकडे जाऊन 'आमच्या शेजारणीला असं असं होतं हो' म्हणणाऱ्या बाईकडे जसं बघतात, तसं सगळे माझ्याकडे बघत.

गाड्यांच्या पहिल्याच दुकानात मी दरवाजा उघडून टेप लावला आणि वाकले. विक्रेता तरातरा यांच्याकडे गेला. "सर, मॅडमचं काही पडलंय का?"

"या सीटची उंची किती?" मी खालूनच विचारलं.

"उंची एकदम मस्त आहे, सर," तो यांना म्हणाला.

"मस्त म्हणजे किती सेंटिमीटर?"

त्याने माहितीपत्रक उघडलं. त्यात गाडीची लांबी, रुंदी, चाकांचा व्यास आणि आतल्या दिव्यांच्या चौसष्ट छटा होत्या. माणूस गाडीत बसतो, ही गोष्ट त्यात कुठेच नव्हती. "सर, यात सोळा रंग आहेत," तो शेवटी म्हणाला. हे लगेच म्हणाले, "निळा आहे?"

अशी नऊ दुकानं झाली. प्रत्येक गाडीची एकतीस मापं मी घेतली. सीटची उंची, उंबऱ्याची उंची, दरवाजा किती अंशात उघडतो, ताईचा वॉकर डिकीत आडवा मावतो की नाही, हँडल ओढायला किती बळ लागतं. शेवटच्यासाठी मी प्रयोगशाळेतला स्प्रिंगचा काटा नेला होता. एका दुकानात मी तो दरवाज्याला अडकवला, तेव्हा तिथल्या व्यवस्थापकाने पुढे येऊन अत्यंत आदराने विचारलं, की मी सरकारकडून आले आहे का. त्या एकाच दुकानात आम्हाला कॉफी मिळाली.

नवव्या दुकानात ती सापडली. छप्पन्न सेंटिमीटर. दिसायला पावाच्या डब्यासारखी. भिंतीवर तिची मोठी जाहिरात होती: टपावर सायकली लादून चार तरुण मुलंमुली डोंगराकडे निघाली आहेत आणि कशाला कोण जाणे, हसत आहेत. विक्रेता म्हणाला, "ही गाडी खास तरुणांसाठी आहे, मॅडम." मग त्याने दुकानात नजर फिरवली. तीन गाड्यांभोवती तीन जोडपी होती. सहा जणांचं मिळून वय चारशेच्या घरात जात असावं. तिन्ही नवरे बसत होते, उठत होते, गुडघ्यावर हात ठेवून पुन्हा बसत होते. "घेतात मात्र वेगळेच लोक," तो हळूच म्हणाला. तो भला माणूस होता. माझ्याशी बोलणारा तो पहिला विक्रेता.

पुढे जे घडलं त्याचा दोष मी कोणाला देत नाही. मी डिकीत होते. वॉकरच्या मापाची पुठ्ठ्याची चौकट आडवी घालून बघत होते आणि तेवढ्यात टेबलावर यांच्यासमोर एक फॉर्म आला. त्यात एक ओळ होती: 'कुटुंबातील जबाबदार व्यक्तीचा मोबाइल क्रमांक.' यांनी स्वतःचा टाकला नाही. माझा तर नाहीच. चारशे किलोमीटरवर राहणाऱ्या आमच्या मुलाचा टाकला. मी बाहेर येऊन जिथे खूण होती तिथे सही केली. मी एकतीस गोष्टी मोजल्या होत्या. गाडी माझं काय मोजणार आहे, हे मी विचारलं नाही. छत्तीस वर्षं उपकरणांसोबत काढलेल्या बाईने.

जुनी गाडी दुकानानेच बदल्यात घेतली, आणि पहिल्या गुरुवारी मी नव्या गाडीतून ताईकडे गेले. व्यवस्थापक बाई पायरीवर हाताची घडी घालून उभ्या होत्या. आया तयारीत. माळ्याने खुरपं खाली ठेवलं. ताईने वॉकर सोडला, दरवाज्याची कड धरली, मागे वळली आणि बसली. नुसती बसली, जशी कुठलीही बाई कुठल्याही गाडीत बसते. अकरा सेकंद.

"झालं?" माळ्याने विचारलं. त्याचा जरा हिरमोड झाला होता.

"निघ," ताई पुढे बघत म्हणाली. "आत्ता निघ, नाहीतर मी रडेन आणि या बायका बघतील."

धरणाकडे जाताना गाडीने तीनदा घंटी वाजवली आणि समोरच्या पडद्यावर कपाचं चित्र दाखवलं. 'विश्रांती घ्या.' मला ती तरुणांसाठीची काही सोय वाटली. ताई म्हणाली, "समजूतदार गाडी आहे. चहाची आठवण करते." तिसऱ्या घंटीला आम्ही खरंच थांबून थर्मास उघडला. धरण भरलेलं होतं. ताईने पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हे मला शाळेतल्या मुलीसारखं समजावून सांगितलं आणि मीही ते प्रथमच ऐकल्यासारखं ऐकलं. परतीत घंटी आणखी आठदा वाजली आणि परत आल्यावर ताई उतरली. एकोणीस सेकंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाचा फोन आला. आवाज असा, की कोणी गेलं की काय.

"आई, तू काल गाडी चालवताना अकरा वेळा झोपलीस."

"अकरा वेळा झोपले असते तर बारावी वेळ आली नसती," मी म्हटलं.

"विनोद करू नकोस. माझ्या मोबाइलवर अहवाल आलाय. चालक झोपेत, चालक झोपेत, चालक झोपेत. वेळेसकट. तीन वाजून सात मिनिटांनी तू नऊ सेकंद डोळे मिटले होतेस."

तीन वाजून सात मिनिटांनी मी ताईला एक बगळा दाखवत होते.

प्रकार असा होता. स्टिअरिंगच्या मागे एक बारीक कॅमेरा होता आणि तो माझ्या पापण्यांवर पाळत ठेवून होता. माझ्या पापण्या उतरल्या आहेत. आईच्याही उतरल्या होत्या. त्यांच्या खालून मला सगळं स्वच्छ दिसतं, पण बाहेरून बघणाऱ्याला मी कंटाळलेली वाटते. नोकरीत याचा फायदाच झाला, बैठका लवकर आटोपायच्या.

मी आरशासमोर पट्टी धरून मोजलं. डोळा उघडा असताना पापण्यांमधलं अंतर साडेपाच मिलिमीटर. मग घराखाली उभ्या केलेल्या गाडीत बसून पापण्यांना चिकटपट्टी लावली आणि त्या थोड्या थोड्या उचलत नेल्या. सहाला गाडी म्हणायची झोपेत, सातला म्हणायची जागी. म्हणजे माझ्यात आणि जागेपणात दीड मिलिमीटरचं अंतर होतं. चिकटपट्टी लावूनच गाडी चालवावी म्हटलं, तर चार मिनिटांत डोळ्यांतून धारा लागल्या आणि मायलेजराव काचेवर टकटक करून म्हणाले, "वहिनी, रडू नका. या वयात जुनी गाडी विकल्यावर होतं असं."

तुलनेसाठी मी यांना चालकाच्या सीटवर बसवलं. यांचे डोळे टपोरे आहेत आणि झोपेतही पुरते मिटत नाहीत. लग्नानंतरचे पहिले काही दिवस मी घाबरत असे. जेवण झालं होतं, हे बसल्या बसल्या घोरायला लागले. गाडीने हिरवा दिवा लावला. चालक सतर्क, गुण अठ्ठ्याण्णव. हे जागे झाल्यावर मी तो आकडा दाखवला. यांनी तो संध्याकाळपर्यंत अख्ख्या इमारतीला सांगितला. ज्या माणसाकडे लायसन्स नाही!

मी आलेख काढला, तक्ता केला, नऊ पानांचं टिपण लिहिलं आणि मुलाला पाठवलं.

"आई, गाडी खोटं कशाला बोलेल?"

"खोटं बोलत नाही. चुकते. उपकरणं चुकतात, म्हणून तर माझी नोकरी होती."

"ऑफिसात माझ्या शेजारी बसतो ना, त्याच्या वडिलांनी मागच्या महिन्यात गाडी सरळ दुभाजकावर चढवली. तेसुद्धा हेच म्हणत होते, मी ठणठणीत आहे. मी इथून चारशे किलोमीटरवर आहे, आई. तुला काही झालं तर मी काय करू?"

"मला काही झालं तर तू येशील. ताईला काही होत नाही, म्हणून तिच्याकडे कोणी येत नाही."

 तो म्हणाला, "डॉक्टरांचं लिहून आण." आणि गाडीला मोबाइलवरून कुलूप घातलं. जबाबदार व्यक्तीला ते करता येतं. फॉर्मवर लिहिलेलं होतं, बारीक अक्षरांत, माझ्या सहीच्या वर.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तासभर तपासलं. "दृष्टी उत्तम. माझ्यापेक्षा बरी."

"तसं लिहून द्या. आणि पापण्या उतरल्या तरी मी जागी असते, हेही लिहा."

"दृष्टीचं लिहितो. जागेपणाचा रकाना नाही आमच्या फॉर्मवर." ते जरा पुढे झुकले. "उचलून देता येतील. एका डोळ्याला वीस मिनिटं."

"गाडीसाठी पापण्या कापून घेऊ?"

"लोक मुलीच्या लग्नातल्या फोटोसाठी घेतात. तुमचं कारण त्यामानाने गंभीर आहे."

गाडीच्या कंपनीला मी तीच नऊ पानं पाठवली. उत्तर आलं: 'आपणास थकवा जाणवत असल्याचे वाचून वाईट वाटले.' मी पुन्हा लिहिलं. उत्तर आलं, की प्रणाली प्रमाणित आहे. मी विचारलं, कोणी केली? उत्तर आलं, की या प्रश्नाचा संदर्भ क्रमांक जपून ठेवावा. सर्व्हिस सेंटरमधला मेकॅनिक स्वतः सीटवर बसला. पंचविशीतला, डोळे सशासारखे. हिरवा दिवा. "मॅडम," तो खाली उतरून हात पुसत म्हणाला, "प्रॉब्लेम गाडीत नाहीये." यापूर्वी इतक्या थोड्या शब्दांत कोणी माझा निकाल लावला नव्हता.

या सगळ्यात चार गुरुवार गेले. ताई फोनवर काही विचारायची नाही. फक्त म्हणायची, "धरण भरलंय का गं अजून?" आणि ते मला माहीत नसायचं.

पाचव्या गुरुवारी मुलाने तोडगा काढला. ड्रायव्हर. ते एक निवृत्त बसचालक होते. टोपी घालायचे, गाडी सुरू करताना 'चला, उड्डाण' म्हणायचे, म्हणून ताईने त्यांचं नाव पायलट ठेवलं. मी त्यांचं वय विचारलं.

"त्र्याहत्तर," ते म्हणाले.

मी मुलाला फोन केला. "माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठे आहेत."

"अनुभवी आहेत, आई."

मला अडुसष्ट वर्षांचं वय झालं होतं. त्यांना त्र्याहत्तर वर्षांचा अनुभव. ही एककं वेगळी आहेत हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

पायलट स्वभावाने चांगले होते. त्यांच्या डोळ्यांवर भलामोठा काळा चष्मा असायचा, कडेनेही बंद असलेला, उन्हाने डोळे दुखतात म्हणून. मी मागे, ताई पुढे. धरणापर्यंत नीट गेलो. येताना सिग्नलला थांबलो, दिवा हिरवा झाला, मागचे लोक हॉर्न वाजवायला लागले आणि आम्ही तिथेच. ताई वाकून म्हणाली, "धाकटे, हे घोरतायत." मी त्यांच्या खांद्याला हात लावला. पायलट दचकून म्हणाले, "बघत होतो मी!" आणि निघाले. पुढे सरळ रस्त्यावर त्यांची मान पुन्हा दोनदा कलली. गाडीने एकदाही घंटी वाजवली नाही. कपाचं चित्र दाखवलं नाही.

"शंभर गुण आहेत त्यांना," मुलगा म्हणाला. "आई, तुला त्यांचा राग आलाय, बाकी काही नाही."

त्या रात्री मी वहीत एक वाक्य लिहिलं: ज्याचे डोळे दिसत नाहीत, तो जागा आहे असं ही गाडी धरते. कॅमेऱ्याला त्या काचांच्या आतलं काही दिसत नव्हतं आणि 'माहीत नाही' या जागी तो 'दोष नाही' अशी नोंद करत होता. आमच्या प्रयोगशाळेत याच चुकीसाठी एकाला घरी बसवलं होतं. निर्णय माझा होता.

दुसऱ्या दिवशी मी तसलाच चष्मा घेतला. माझ्या नंबरच्या चष्म्यावरून बसणारा, बाजूने बंद. घरी आल्यावर त्याचा खोका बराच वेळ हातात धरून बसले. छत्तीस वर्षांत मी एका वाचनाला हात लावला नव्हता. एकदा एका मोठ्या गिरणीमालकाने तराजूच्या एका दशांश चिन्हासाठी माझ्या टेबलावर काय काय ठेवून बघितलं होतं आणि मी त्याला शिपायाकरवी जिना दाखवला होता. आता मी स्वतःच उपकरणाला फसवायला निघाले होते, आणि कारण म्हणजे एका म्हातारीला पाणी बघायचं होतं.

मुलाकडे मी एक संधी मागितली. तो म्हणाला, ठीक आहे, बघू गुण किती येतात. कुलूप निघालं.

शंभर. पुढच्या गुरुवारी पुन्हा शंभर.

"बघ!" त्याचा फोन आला. आनंदाने आवाज फुलला होता. "आठवडाभर नीट झोपलीस की फरक पडतो. मी म्हणत होतो ना? मला किती बरं वाटलं म्हणून सांगू, आई."

मी थँक्यू म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

खरी गोष्ट अशी, की त्या चष्म्यातून मला लख्ख उन्हातही जेमतेम दिसायचं. रंग एकमेकांत मिसळायचे. ताईच्या ते पहिल्याच दिवशी लक्षात आलं, पण ती बोलली नाही. तिने फक्त रस्ता सांगायला सुरुवात केली. "पुढे ट्रक आहे, धाकटे. आता वळण. सिग्नल लाल आहे, लाल, लाल, हां, सुटला." आयुष्यात सायकलसुद्धा न चालवलेली बाई. पण नकाशा तिला चांगला कळतो.

तिसऱ्या गुरुवारी परतताना आभाळ भरून आलं. धरणाच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी दाट झाडं आहेत. दुपारचे साडेचार वाजले होते आणि माझ्यासमोर काळोख होता.

"ताई, पुढे काय आहे?"

"रस्ता आहे. थांब, उजवीकडून काहीतरी— धाकटे, बाई! सायकलवर बाई!"

मी ब्रेक दाबला. गाडी थांबली. ती बाई बोनेटपासून हातभर अंतरावरून गेली. मागे एक लहान मूल बांधलेलं होतं. तिने आमच्याकडे वळून पाहिलंही नाही. हातभर म्हणजे किती, हे मी नेहमी विचारते. त्या दिवशी नाही विचारलं.

गाडी हिरवा दिवा दाखवत होती. चालक सतर्क.

 "काढ तो चष्मा," ताई म्हणाली.

"काढला तर गाडी जाईल."

"जाऊ दे."

"तुझा गुरुवार जाईल, ताई."

"मला कळतं गं ते." तिने हात पुढे केला, तळवा उघडा. शाळेत मुलींकडून चिठ्ठी मागून घेताना करायची, तसा. मी चष्मा काढून त्यावर ठेवला. झाडं हिरवी झाली, रस्त्यावरचा पांढरा पट्टा दिसला, खूप दूरवर सायकलवरच्या बाईची पिवळी पिशवी दिसली. मला सगळं दिसत होतं. गाडीने लगेच घंटी वाजवली. 'विश्रांती घ्या.'

वृद्धनिवासापर्यंतचे अठरा किलोमीटर मी अतिशय उत्तम चालवले. असे मी आयुष्यात चालवले नसतील. घंटी वाजत राहिली आणि ताई प्रत्येक वेळी कपाच्या चित्राकडे बघून म्हणत राहिली, "नको, आत्ताच घेतला." उतरायला तिला त्या दिवशी बावीस सेकंद लागले. ती मुद्दाम हळू उतरत होती.

मुलाचा फोन मी घरी पोचायच्या आत आला होता. मी खाली गाडीतच तो घेतला.

"आई. चौदा वेळा."

"पंधरा," मी म्हटलं. "पुलावरची एक नोंदवायची राहिली गाडीकडून. घंट्या मी मोजत होते."

तो रडकुंडीला आला होता. मी त्याला चष्म्याचं सांगितलं, सायकलवाल्या बाईचंही सांगितलं. सगळं खरं, क्रमाने. त्याने त्यातलं फक्त एवढंच ऐकलं, की मी गाडीला फसवलं आणि कोणाला तरी धडकणार होते. दोन्ही गोष्टी खऱ्याच होत्या. आता गाडी सुरू करायला पायलटचा मोबाइल लागतो. माझं नाव तिच्यातून काढून टाकलं आहे.

गुरुवार मात्र गेला नाही. तो आता असा असतो: पायलट 'उड्डाण' म्हणतात, ताई पुढे बसते, अकरा सेकंदांत, आणि मी पायलटांच्या बरोबर मागे. माझ्या हातात प्रयोगशाळेतली तीस सेंटिमीटरची पोलादी पट्टी असते. त्यांची मान कलायला लागली की ताई बोट वर करते आणि मी पट्टीचं टोक त्यांच्या खांद्यात टोचते. "बघत होतो मी," ते म्हणतात. एका फेरीत सरासरी चार वेळा. वहीत नोंद आहे.

त्यांना अजून शंभर गुण मिळतात. मुलगा म्हणतो, आई, किती निर्धास्त वाटतं.